डाव्या पायाचे सतरा मिलिमीटर

घर वाकडं आहे अशी तक्रार मी ओगिहारा मिस्त्रींकडे पहिल्यांदा केली, तेव्हा ते हसले नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळे हसले.

गेल्या वसंतात आम्ही खालच्या मजल्याचं काम काढलं होतं. जुन्या, मऊ पडलेल्या तातामी चटया उचलल्या, त्यांच्या जागी ओकच्या फळ्यांची कडक जमीन घातली, आणि दारापासून न्हाणीघरापर्यंत एक लांब, सरळ पॅसेज काढला. माझी बायको फुमिए खूश होती. मीही होतो. पण तिसऱ्या दिवशी त्या पॅसेजमधून चालताना मला स्पष्ट जाणवलं, की जमीन डावीकडे कललेली आहे. मी माध्यमिक शाळेत उपमुख्याध्यापक आहे आणि त्याआधी चोवीस वर्षं गणित शिकवलेलं आहे. अशा माणसाला उतार कळतो.

मिस्त्री पाणसळ घेऊन आले. जमिनीवर ठेवली, बुडबुडा बरोबर मधोमध. मी म्हटलं, पाणसळ जुनी झाली असेल. दुसऱ्या खेपेला त्यांनी काचेची गोटी आणली आणि पॅसेजच्या मध्यावर ठेवली. गोटी जागची हलेना. मी म्हटलं, गोटी हलकी आहे. तिसऱ्या खेपेला ते लाल किरणाचं यंत्र घेऊन आले आणि सगळ्या भिंतींवर लाल रेघ उमटवून दाखवली. ती रेघ इतकी सरळ होती की मला तिचाच संशय आला. चौथ्या खेपेला त्यांनी काहीच आणलं नाही. चहा घेतला आणि मला म्हणाले, "सर, जरा चालून दाखवा."

मी न्हाणीघरापर्यंत गेलो.

"उतार कुठं लागला?"

"डावीकडे. भिंतीच्या बाजूला."

"आता परत या."

मी परत आलो.

"आता?"

"डावीकडेच."

"येताना तुमच्या डावीकडे बाग होती," मिस्त्री म्हणाले. पेला खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जमीन एकाच वेळी भिंतीकडे आणि बागेकडे उतरत नाही, सर. म्हणजे मी तरी तशी घालत नाही."

मग ते गुडघ्यावर बसले आणि माझ्या पँटची मोहरी बघू लागले. डावी मोहरी मागच्या बाजूनं घासून तिचे दोरे निघाले होते, उजवी नव्यासारखी होती. ते बाहेर जाऊन गाडीतून पाणसळ घेऊन आले आणि, मला काही विचारायच्या आत, ती माझ्या कमरेच्या पट्ट्यावर आडवी धरली. बुडबुडा उजवीकडे पळाला आणि टोकाला जाऊन चिकटला.

"घर सरळ आहे," मिस्त्री म्हणाले.

पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. फुमिए स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं तोंडावर रुमाल धरला होता आणि तिला सर्दी झालेली नव्हती. मी मिस्त्रींची माफी मागितली, चांगली कमरेत वाकून. सरळ झालो तेव्हा ते म्हणाले, की वाकतानाही तुम्ही डावीकडेच वाकता.

ही गोष्ट गल्लीत पसरायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याची पिशवी ठेवायला गेलो तेव्हा कोपऱ्यावरच्या तोमिझावाबाईंनी माझ्या तोंडाकडे न बघता थेट पायांकडे बघून सुप्रभात म्हटलं. पुढचे आठ दिवस मी ज्या दिशेनं जाईन तिथं सल्ले उभे होते. तोमिझावाबाई म्हणाल्या, की रोज दहा मिनिटं दाराच्या चौकटीला लोंबकळा. मी विचारलं, की लोंबकळल्यावर दोन्ही पाय लांब होतील, फरक तेवढाच राहील, त्याचं काय? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग एका हातानं लोंबकळा. तांदूळवाल्यानं सांगितलं, उजव्या पायात वजन बांधा म्हणजे तो दमून खाली बसेल. कोणी सांगे समुद्री शेवाळ खा, कोणी सांगे डाव्या कुशीवर झोपा. एकानंही असं विचारलं नाही की तुम्हाला दुखतं का. खरं म्हणजे दुखत होतं. गेल्या दोन वर्षांपासून संध्याकाळी कमरेत उजवीकडे एक कळ यायची, आणि ती मी उपमुख्याध्यापकपदाचा भाग समजून चाललो होतो.

सगळ्यात मोठा सल्ला अध्यक्षांचा. इकेगाया हे आमच्या मोहल्ला मंडळाचे अध्यक्ष. वय बहात्तर, पोस्टातून निवृत्त. एखादी गोष्ट त्यांना माहीत नाही असं त्यांना अजून कोणी पटवू शकलेलं नाही. मंडळाची घरोघर फिरणारी सूचनावही हातात घेऊन ते स्वतः आले, पॅसेजमध्ये मला दोनदा चालायला लावलं आणि निदान केलं: कंबर सरकली आहे. त्यांच्या ओळखीचा एक हाडं बसवणारा होता. "तो तुम्हाला एका बैठकीत सरळ करील," ते म्हणाले, आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी त्याला फोन लावलाही होता.

हाडं बसवणाऱ्याच्या दुकानात प्लास्टिकची एक कंबर टांगलेली होती. त्यानं मला पालथं झोपवलं, टाचा एकमेकींजवळ आणल्या आणि अध्यक्षांना बोलावून दाखवल्या. दोघांनीही हळहळ व्यक्त केली. मग त्यानं माझ्या पाठीवर गुडघा ठेवला. त्यानंतरचा काही भाग मी सांगत नाही. शेवटी त्यानं टाचा पुन्हा जुळवल्या, तर त्या तंतोतंत एका रेषेत. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, चार पावलं चाललो, आणि त्या दुकानाची जमीनही डावीकडे कलली. हाडं बसवणारा म्हणाला, असं होतं, दहा बैठका लागतात, आणि शिक्का मारायचं एक कार्ड माझ्या हातात दिलं. मी सहा बैठकांना गेलो. दर वेळी पालथा असताना माझे पाय सारखे असायचे आणि उभा राहिलो की नाहीत. आयुष्य पालथं काढायची सोय असती तर मी बरा झालो असतो.

सातव्या खेपेला न जाता मी शाळेतून परस्पर हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मात्सुनामी त्यांचं नाव. वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या, आणि बोलणं मोजकं. त्यांनी मला झोपवून कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप लावला, दोन्ही बाजूंनी, दोन-दोनदा. मग उभं करून डाव्या पावलाखाली लाकडाच्या पातळ चकत्या एकेक सरकवत गेल्या, आणि मागे बसून माझी कंबर कधी सपाट होते ते बघत राहिल्या. शेवटी उभ्यानं एक्स-रे काढला.

"सतरा मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "डावा आखूड आहे. लहानपणी मांडीचं हाड मोडलं होतं का?"

मोडलं होतं. आठव्या वर्षी मी पर्सिमनच्या झाडावरून पडलो होतो आणि दोन महिने प्लास्टरमध्ये होतो. बाईंनी एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं: हाड जुळलं होतं, पण टोकावर टोक न बसता जरा शेजारी-शेजारी. त्यांनी समजावून सांगितलं, की पाय लहान-मोठे दिसण्याचे दोन प्रकार असतात. एकात हाडंच कमी-जास्त असतात. दुसऱ्यात हाडं सारखी, पण स्नायू आखडल्यानं कंबर एका बाजूला वर खेचली जाते आणि पाय आखूड भासतो. तो दुसरा प्रकार व्यायामानं सुधारतो. माझा पहिला. हाड ओढून लांब होत नाही, मग पाठीवर कोणी कितीही गुडघे ठेवोत.

मी विचारलं, हे इतकी वर्षं कळलं कसं नाही. त्या म्हणाल्या, बहुतेकांचे पाय पाच-सात मिलिमीटरनं कमी-जास्त असतातच आणि कोणाला पत्ताही नसतो. तुमचं शरीर सांभाळून घेत होतं. आता वय झालं, ते कंटाळलं.

वय झालं हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की मी तो ऐकला नाही असं दाखवलं.

उपाय साधा होता. डाव्या टाचेखाली कॉर्कची पट्टी. आधी पाच मिलिमीटर, तीन आठवड्यांनी नऊ, आणि बहुधा तिथंच थांबायचं. पूर्ण सतरा भरायचे नाहीत, कारण शरीराला अठ्ठेचाळीस वर्षांची सवय आहे, ती एका दिवसात मोडली तर ते रागावतं. आणि दहाच्या वर गेलं तर पट्टी बुटाच्या आत मावत नाही, तळच वाढवावा लागतो. "मात्र दिवसभर वापरा," त्या म्हणाल्या. "तासभर घालून उपयोग नाही."

आता दिवसभर म्हणजे काय, याचा विचार मी घरी आल्यावर दारात बूट काढताना केला. पट्टी बुटात होती आणि बूट दारात राहिले. मी हिशेब मांडला, तर चामड्याचे बूट माझ्या पायात दिवसातून अवघी पन्नास मिनिटं असतात. घरातून स्टेशन, स्टेशनवरून शाळा, आणि परत. शाळेत शिरलो की आतले बूट. व्यायामशाळेत गेलो की तिथले वेगळे. शाळेच्या शौचालयात लाकडी खडावा. घरी सपाता, घरच्या शौचालयात तिथल्या सपाता, बागेत जायला चपला. एकूण सात जोड. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डाव्या पायावर उपचार सांगितला होता, पण मला सात डावे पाय आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणून मी शिक्षकांच्या आरोग्य विम्याच्या कार्यालयाकडे सात पट्ट्यांसाठी अर्ज केला. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि, नियमाप्रमाणे, रुग्णानं साधन पायात घातलेलं असतानाचं छायाचित्र. फुमिए बाहेर गेली होती, म्हणून मी दाराशेजारच्या आरशासमोर उभा राहून ते स्वतःच काढलं. दहा दिवसांनी अर्ज परत आला. प्रमाणपत्रात डावा पाय, छायाचित्रात उजवा. खुलासा करावा.

मी फोन केला. पलीकडच्या बाईंचा आवाज इतका नम्र होता की भांडायला जागाच नव्हती. मी सांगितलं, ते आरशातलं आहे. त्या म्हणाल्या, आपलं म्हणणं आम्हाला समजतं, तसं लिहून द्यावं. मी लिहून दिलं. मग पत्र आलं, की रुग्णाचा अवयव कुठल्या बाजूस आहे ही वैद्यकीय बाब असल्यामुळे खुलाशावर डॉक्टरांची सही लागेल. मात्सुनामीबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं, खिडकीबाहेर जरा वेळ पाहिलं, आणि आपल्या लेटरहेडवर लिहिलं: रुग्णाचा डावा पाय रुग्णाच्या डाव्या बाजूस आहे. त्याखाली तारीख घालून शिक्का मारला. तो कागद आता माझ्या कपाटात आहे. माझ्याविषयी सरकारदरबारी इतकं निःसंदिग्ध काही कधी लिहिलं गेलं असेल असं वाटत नाही. त्यावर कार्यालयानं शेवटचं पत्र पाठवलं: डावा पाय एकच असल्याचं सिद्ध झाल्यानं पट्टीही एकच मंजूर करण्यात येत आहे.

उरलेल्या सहा मी स्वतः कापल्या.

इथं माझी चूक झाली, हे मी कबूल करतो. बागकामाच्या दुकानातून कॉर्कचा एक मोठा तुकडा आणला, फूटपट्टी घेतली, सुरी घेतली, आणि पाच मिलिमीटरची खूण करताना मला वाटलं, हे अर्धवट काम कशाला? सतरा कमी आहेत तर सतरा भरावेत. उणे सतरा अधिक पाच बरोबर उणे बारा, इथंच मुलांनी गणित सोडलं असतं तर मी निम्मे गुण दिले असते. मी घरच्या सगळ्या पादत्राणांना पूर्ण सतराची पट्टी चिकटवली. शौचालयाच्या सपातांनाही.

"तिथं कशाला?" फुमिएनं विचारलं. "तिथं तुम्ही बसलेले असता."

मी म्हटलं, जाता-येता चार पावलं पडतात, आणि डॉक्टरांनी दिवसभर सांगितलं आहे. ती म्हणाली, मग पाहुण्यांचं काय? मी म्हटलं, आपल्याकडे कोण येतं.

पहिल्या दोन दिवसांत पॅसेज उजवीकडे कलला. तिसऱ्या दिवशी उजवा खुबा दुखू लागला, आणि कमरेतली कळ बाजू बदलून डावीकडे आली. शरीर रागावलं होतं. पण चूक मान्य करून पट्ट्या सोलायला मी रविवारचा मुहूर्त धरला होता, आणि शनिवारी दुपारी अध्यक्ष आले.

ते आले होते मला फैलावर घ्यायला. हाडं बसवणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की कुनिएदा सर, म्हणजे मी, सातव्या बैठकीला आलेच नाहीत. तासभर चहा पीत त्यांनी मला चिकाटीचं महत्त्व सांगितलं. मी मान डोलावत होतो. मग ते उठून शौचालयात गेले.

पाच मिनिटांनी आतून आवाज आला. मोठा नव्हता. पोस्टाच्या खिडकीतून येतो तसा, सपाट.

"फुमिएबाई, घाबरू नका. माझी उजवी बाजू जाते आहे. ॲम्ब्युलन्स बोलवा."

फुमिए घाबरली नाही, तिनं फोन उचलला. मी दाराशी धावलो. कडी आतून लावलेली होती. मी विचारलं, काय होतंय? ते म्हणाले, उभा राहिलो की शरीर उजवीकडे कोसळतं. मी विचारलं, बोलता येतंय ना? ते म्हणाले, आतापर्यंत मी काय करतोय. मी बाहेरच्या खाचेत नाणं घालून कडी फिरवली. अध्यक्ष कमोडच्या झाकणावर बसले होते, चेहरा कागदासारखा पांढरा, दोन्ही हात भिंतींना टेकलेले. माझा आधार घेऊन ते उठले आणि खरोखरच उजवीकडे कलले. मी घाबरून गेलो. माझा एक सहकारी असाच गेला होता. मी त्यांना परत बसवलं, त्यांचा हात धरला, म्हटलं, काही होणार नाही. त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाले, फिरती वही तोमिझावाबाईंकडे द्या, त्या वेळेवर पुढे पाठवतात.

तेवढ्यात माझी नजर खाली गेली. अध्यक्षांच्या डाव्या टाचेखालून कॉर्कची कड डोकावत होती.

पुढच्या दोन मिनिटांत मी बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तुम्हीच सांगा, मरणाच्या तयारीत असलेल्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगावं की तुम्ही माझ्या सपातेवर उभे आहात? मी वाक्य जुळवत राहिलो आणि दारात भोंगा वाजला. ॲम्ब्युलन्सचे तिघे जवान आत आले, बूट काढून, शिस्तीत. त्यांच्यामागून अध्यक्षांची बायको आली, आणि कुंपणापलीकडे आख्खी गल्ली गोळा झाली. प्रमुख जवानानं अध्यक्षांना दोन्ही हात वर करायला सांगितले. केले. मग म्हणाला, हसून दाखवा.

अध्यक्ष हसले.

जवान आपल्या साथीदाराला हळूच म्हणाला, "तोंड वाकडं झालंय."

"नाही हो," इकेगायाबाई म्हणाल्या. "ते हसतातच तसे."

तेव्हा मी पुढे झालो आणि प्रमुखाच्या कानाशी सगळं सांगितलं. माझा पाय, सतरा मिलिमीटर, कॉर्क. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, की असेलही तसं, पण बहात्तर वर्षांचा माणूस आहे, बोलावणं आल्यावर तपासल्याशिवाय सोडता येत नाही. त्यांनी अध्यक्षांना स्ट्रेचरवर बांधलं आणि गल्लीतून नेलं. घाईत सपाता कोणी काढल्याच नाहीत. शौचालयाच्या सपाता, फिकट निळ्या, पुढे बदकाचं चित्र असलेल्या, पांघरुणाबाहेर दोन्ही पावलांवर उभ्या, सगळ्या मोहल्ल्यासमोरून गेल्या. फुमिए आयुष्यात कधी रस्त्यात खाली बसलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती पोट धरून बसली.

अध्यक्षांना काहीही झालेलं नव्हतं. इस्पितळात त्यांच्या डोक्याचे फोटो काढले, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, आणि मेंदू पन्नाशीच्या माणसासारखा आहे असं सांगून घरी सोडलं. एरवी हे त्यांनी सूचनावहीतून गल्लीला कळवलं असतं. पण घरी आल्यावर त्यांना खरं कारण समजलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात एक पुडकं होतं. आत सपाता, धुतलेल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. वर चिठ्ठी: विसरलेली वस्तू.

पुढच्या रविवारी आम्ही माफी मागायला गेलो. दोघंही काळ्या कपड्यांत, हातात चांगल्या दुकानातला कास्तेरा केकचा डबा. पट्ट्या मी सगळ्या सोलून टाकल्या होत्या आणि डॉक्टरीणबाईंची पाचाची बसवली होती. त्यांच्या दारात बूट काढले आणि मी नुसत्या मोज्यांवर त्यांच्या तातामीच्या खोलीत शिरलो, म्हणजे जसा आहे तसा. डबा पुढे सरकवला, कपाळ चटईला टेकवलं.

अध्यक्ष म्हणाले, "उठा. दारापर्यंत जाऊन परत या."

मी जाऊन परत आलो.

"आता नुसते उभे राहा."

मी उभा राहिलो. त्यांनी डोळे बारीक करून मला बघितलं. मग आपल्या बायकोला म्हणाले, "बघ. अकरा वर्षं."

तिला कळलं नाही, मलाही नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गल्ली झाडायच्या आधी ते सगळ्यांना उद्देशून चार शब्द बोलतात. अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर एका पायावर भार टाकून, मान एका बाजूला कलती ठेवून उभा राहत आलो होतो. त्यांना वाटायचं, मास्तरला आपलं बोलणं पटत नाही. शिकलेला माणूस, तोंडानं म्हणत नाही, मानेनं म्हणतो. त्यामुळे अग्निशमन समितीवर त्यांनी माझं नाव तीनदा खोडलं होतं.

"म्हणजे तुम्हाला पटत होतं?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मी त्या भाषणांत काय असतं ते कधी ऐकलेलंच नव्हतं. पण मी म्हटलं, की होय, नेहमी. अध्यक्ष हसले, त्यांच्या पद्धतीनं, आणि केक कापायला सांगितला. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की तो कॉर्क कुठं मिळतो, कारण त्यांच्याही पँटच्या उजव्या मोहरीचे दोरे निघालेले त्यांना इस्पितळात दिसले होते. मी त्यांना मात्सुनामीबाईंचा पत्ता लिहून दिला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: स्वतः कापू नये.

आता सहा महिने झालेत. माझी पट्टी नवावर आली आहे आणि तिथंच थांबली आहे. कमरेतली कळ गेली असं म्हणत नाही, पण ती आता रोज येत नाही, नोटीस देऊन येते. माझं एक दुःख मात्र राहिलं आहे. ज्याला छप्पन्नाव्या वर्षी कळतं की आपण आयुष्यभर तिरके चालत होतो, त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पायाचा नसतो. तो असा, की बाकीच्यांना हे दिसत होतं का?

परवा मी तो फुमिएला विचारला. आम्ही नदीच्या बांधावरून घरी येत होतो. ती माझ्या डाव्या हाताला होती.

"दिसत होतं की," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"पहिल्या भेटीपासून."

एकोणतीस वर्षांपूर्वी मध्यस्थबाईंनी आमची भेट एका हॉटेलात ठरवली होती. चहा झाल्यावर दोघांना बागेत फिरायला सोडून मोठी माणसं निघून गेली. मला आठवतं ते एवढंच, की तिथं एक तळं होतं आणि मला एकही वाक्य सुचत नव्हतं.

"तळ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आपण," फुमिए म्हणाली. "तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. पण चालता चालता माझ्याकडे सरकत होता. मी जरा बाजूला झाले, की तुम्ही पुन्हा जवळ. तिसऱ्या फेरीला मी जवळजवळ पाण्यात होते. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे, पण मनातून ठरवून आलाय. घरी येऊन आईला हो म्हणून टाकलं."

मी चालत राहिलो. मग विचारलं, "आणि खरं केव्हा कळलं?"

"लग्नानंतर आठवड्याभरात. तुम्ही टपालाच्या पेटीकडेही तसेच सरकत होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ते दुरुस्त केलं असतं."

मी खाली बघितलं. बांधाची वाट सपाट होती आणि मी तिच्या मधोमध चाललो होतो. आमच्या दोघांत चांगलं हातभर अंतर होतं. जरा वेळानं ते वीतभर झालं, आणि पुलापाशी पोचेपर्यंत तिची बाही माझ्या बाहीला लागत होती.

मी सरळ चालत होतो. याची मला पूर्ण खात्री आहे.